पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट आणि मांडलिक रामदेवराय

पंथीय ग्रंथांचे निरूपण करताना देवगिरीच्या रामदेवरायाचे नाव वारंवार घ्यावे लागते. स्मृतिस्थळातील नरेंद्रकवीची स्मृती सांगावयाची, तर त्याच्याच सभेत जावे लागते. हेमाद्रीचा विषय निघाला, तर तो त्याचाच श्रीकरणाधिप. श्रीनागदेवाचार्यांचा निंबे येथील काळ घ्या अथवा म्हाइंभटांनी लीळा शोधण्यासाठी केलेली भ्रमंती घ्या, राज्य त्याचेच होते. परमार्गी जनांच्या ग्रंथांतही हेच आढळते. शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस याच यदुवंशीय रामचंद्राचा राजा म्हणून उल्लेख आहे. परंतु हा राजा आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत स्वतंत्र राजा नव्हता, दिल्लीच्या सुलतानाचा मांडलिक होता, ही गोष्ट सभेत क्वचितच सांगितली जाते. सांगितली गेली तरी दोन टोकांनी. कोणी म्हणतो, शके १२१८ मध्ये अल्लाउद्दीन आला आणि देवगिरीचे राज्य बुडाले. कोणी म्हणतो, रामदेवराय अखेरपर्यंत चक्रवर्ती होता, ताम्रपटच तसे सांगतो. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. चूक कोठे होते हे कळले नाही, तर आपल्याच ग्रंथांचा काळ ठरविताना आपण फसतो. म्हणून प्रस्तुत लेखात या राजाच्या मांडलिकपणाचा विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठी बीड जिल्ह्यातील पुरुषोत्तमपुरी येथे मिळालेला ताम्रपट मुख्य आधार म्हणून समोर ठेवावयाचा आहे.

प्रथम 'मांडलिक' या शब्दाचा अर्थ स्पष्ट करू. आज हा शब्द केवळ अपमानवाचक झाला आहे. त्या काळी तो एका ठरीव नात्याचा वाचक होता. मांडलिकाने वर्षासन खंडणी पोहोचवावी, सम्राटाची स्वारी निघाली असता सैन्य आणि रसद द्यावी, बोलावणे आले असता दर्शनास जावे. त्याच्या बदल्यात त्याचे राज्य, त्याचा कोश, त्याचे दानाधिकार आणि त्याची वंशपरंपरा यांना सम्राटाने हात लावू नये. यादवांना हे नाते नवे नव्हते. त्यांचे पूर्वज प्रथम राष्ट्रकूटांचे आणि नंतर कल्याणीच्या चालुक्यांचे सामंत होते. माळव्याच्या मुंजाशी झालेल्या युद्धात दुसऱ्या भिल्लमाने तैलपाच्या बाजूने पराक्रम केला. त्याचा संगमनेरचा ताम्रपट शके ९२२ चा आहे. सामंतांना पाच वाद्यांचा मान मिळे आणि तो मान ते आपल्या बिरुदांत अभिमानाने लिहीत. पुढे बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने चालुक्यांचे जू फेकले, देवगिरी वसविली आणि यादव स्वतःच सम्राट झाले. त्यांच्या पदरी इतर मांडलिक आले. हे वैभव सव्वाशे वर्षेही टिकले नाही. सामंत म्हणून ज्या घराण्याचा उदय झाला, त्याचा शेवटचा मोठा राजा पुन्हा सामंत झाला.

जुने सामंत आपल्या ताम्रपटांत आपल्या सम्राटाचे नाव आधी लिहीत आणि आपले नंतर, ही बाब येथे ध्यानात ठेवावयाची आहे. कोकणच्या शिलाहारांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कान्हेरीच्या लेण्यांत शके ७६५ चा लेख आहे. त्यात पुल्लशक्ती हा राष्ट्रकूट अमोघवर्षाचा मांडलिक म्हणून येतो. त्याच घराण्यातील अपराजिताची गोष्ट तर विलक्षण आहे. राष्ट्रकूटांचे साम्राज्य शके ८९५ च्या सुमारास तैलपाने बुडविले. त्यानंतर सुमारे चोवीस वर्षांनी, शके ९१९ मध्ये, अपराजिताने भिवंडीजवळच्या भादाणे येथील ताम्रपट दिला. त्यात त्याने राष्ट्रकूटांची सगळी वंशावळ दिली आहे आणि ते राज्य आता केवळ स्मरणात उरले, असा खेद व्यक्त केला आहे. ज्याला भ्यावयाचे असा सम्राट उरला नव्हता, तरी मांडलिकाने त्याचे नाव टाकले नाही. हे उदाहरण मनात ठेवून पुरुषोत्तमपुरीच्या पत्र्यांकडे वळावे.

पुरुषोत्तमपुरी हे गोदावरीच्या काठचे गाव आता माजलगाव तालुक्यात आहे. तेथील ताम्रपट शके १२३२ च्या भाद्रपदातील, म्हणजे इ. स. १३१० च्या सप्टेंबरच्या आरंभीचा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचे संपादन केले. रामचंद्रदेवाचा मंत्री पुरुषोत्तम, ज्याला पुरुषै नायक असेही म्हटले आहे, त्याच्या संबंधाने दिलेल्या अग्रहाराची ही राजशासनपत्रिका आहे. गावाचे नाव त्याच्याच नावावरून पडले. असे अग्रहार यादवांच्या काळी पुष्कळ झाले, त्यात नवल नाही. नवल आहे ते प्रशस्तीच्या भागात.

त्या प्रशस्तीत रामचंद्राच्या पूर्वजांचे वर्णन आहेच, परंतु त्याच्या स्वतःच्या पराक्रमाची यादीही आहे. त्याने डाहलच्या राजास जिंकले. भांडागाराच्या म्हणजे भंडाऱ्याच्या आणि वज्राकराच्या म्हणजे वैरागडच्या अधिपतींना नमविले. कान्यकुब्जासह आणखी कित्येक ठिकाणची नावे येतात. वाराणसी म्लेच्छांच्या हातून सोडवून तेथे शार्ङ्गधराचे मंदिर बांधले, असेही त्यात म्हटले आहे. हे सर्व वाचून कोणासही वाटेल की इ. स. १३१० मध्ये नर्मदेपासून गंगेपर्यंत या राजाचा दरारा होता.

आता त्याच वर्षाचा दुसरा वृत्तान्त पाहू. इ. स. १३०९ च्या अखेरीस सुलतान अल्लाउद्दीनाचा सेनापती मलिक काफूर दिल्लीहून वरंगळच्या स्वारीवर निघाला. अमीर खुसरो या स्वारीचे तपशीलवार वर्णन करतो. वाटेत हिऱ्यांच्या खाणीचे एक ठिकाण लागले असे तो सांगतो आणि काही अभ्यासक ते वैरागडच असावे असे मानतात. इ. स. १३१० च्या जूनमध्ये काफूर वरंगळची लूट घेऊन दिल्लीस परतला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट कोरला गेला. नोव्हेंबरमध्ये काफूर पुन्हा निघाला, या वेळी द्वारसमुद्रावर. या दोन्ही स्वाऱ्यांत रामदेवरायाने दिल्लीच्या सैन्यास साहाय्य दिले. ज्या वज्राकराचा विजय ताम्रपट गातो, बहुधा त्याच्याच वाटेने त्या वर्षी सुलतानाचे घोडे गेले होते, आणि ते ज्याच्या साहाय्याने गेले तोच ताम्रपट देणारा राजा होता.

असे का व्हावे, याचा विचार करण्यापूर्वी राजा या स्थितीस कसा आला हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे.

रामचंद्र हा कृष्णदेवाचा, म्हणजे आपल्या ग्रंथांतील कान्हरदेवाचा पुत्र. कृष्णानंतर त्याचा भाऊ महादेव गादीवर बसला. महादेवानंतर राज्य आपल्याकडे यावे अशी रामचंद्राची अपेक्षा होती. परंतु महादेवाचा पुत्र अम्मण राजा झाला. इ. स. १२७१ मध्ये रामचंद्राने नटांच्या वेषात आपले लोक किल्ल्यात नेले आणि राज्य हस्तगत केले. पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट ही युक्ती लपवीत नाही, पराक्रम म्हणून सांगतो. अम्मणाचे नेत्र काढविल्याची वार्ता महानुभाव परंपरेने जतन केली. राजप्रशस्तीने जे गाळले ते परंपरेने राखले, याची नोंद येथेच करून ठेवावी. पुढेही हाच प्रकार आढळणार आहे.

आरंभीची पंचवीस वर्षे भरभराटीची गेली. इ. स. १२७६ च्या सुमारास त्याचा सेनापती साळुव टिक्कम द्वारसमुद्राच्या तटापर्यंत जाऊन आला. इ. स. १२९६ मध्ये कड्याचा सुभेदार अल्लाउद्दीन सुमारे आठ हजार स्वारांनिशी एकाएकी देवगिरीवर येऊन धडकला. युवराज सैन्यासह बाहेर होता. किल्ल्यात धान्याच्या गोण्या म्हणून मिठाच्या गोण्या चढविल्या गेल्या, ही फिरिश्त्याची कथा सर्वांस ठाऊक आहेच. युवराज परतला, लढला, हरला. अपार संपत्ती आणि एलिचपूर प्रांताचे वार्षिक उत्पन्न देण्याचे कबूल करून तह झाला. राज्य मात्र बुडाले नाही. अल्लाउद्दीन निघून गेला, त्याने चुलत्याचा वध करून दिल्लीचे तख्त घेतले आणि देवगिरीस रामदेवरायच राज्य करीत राहिला. म्हणून या वर्षी यादवांचे राज्य संपले असे जे सभेत सांगितले जाते, ते टाकून द्यावे.

काही वर्षांनी खंडणी थकली. गुजरातचा पदच्युत राजा कर्ण वाघेला यास बागलाणात आश्रय मिळाला होता, हेही एक निमित्त झाले. इ. स. १३०७ मध्ये (काहींच्या मते १३०८ मध्ये) मलिक काफूर देवगिरीवर आला. इसामी हा इतिहासकार सांगतो की खंडणी थांबविण्याच्या मागे राजपुत्र आणि त्याचा पक्ष होता, आणि वृद्ध राजाने स्वतःच सुलतानास तसे गुप्तपणे कळविले. हे कितपत खरे ते सांगणे कठीण असले तरी पुढील घटना त्याशी जुळतात. रामदेवरायास धरून दिल्लीस नेण्यात आले. तेथे त्याचा अपमान झाला नाही, उलट मोठा सन्मान झाला. सहा महिने त्यास ठेवून घेतले, छत्र दिले, 'रायरायान' म्हणजे राजांचा राजा हा किताब दिला, एक लाख तंके दिले, नवसारी प्रांत दिला आणि राज्यावर परत पाठविले. राजाची कन्या सुलतानास दिल्याचेही इसामी सांगतो. त्यानंतर जिवंत असेपर्यंत या राजाने खंडणी चुकविली नाही.

सुलतानाने असे औदार्य का दाखविले? त्याला दक्षिणेत राज्य करावयाचे नव्हते, संपत्ती हवी होती. मोगलांच्या स्वाऱ्यांशी झुंजण्यासाठी त्याने फार मोठी फौज उभी केली होती आणि त्या फौजेचा खर्च भागवावयाचा होता. देवगिरीस सुभेदार नेमला तर किल्ल्यांचा आणि ठाण्यांचा भार वाढला असता. इमानी मांडलिक ठेवला, तर खंडणी घरी येते आणि वरंगळ व द्वारसमुद्र या पुढच्या मुलखांसाठी वाटेत एक भरवशाचे ठाणे मिळते. राजाने छत्र स्वीकारले, त्या छत्राचे मोल पुढील चार वर्षांत पुरेपूर वसूल झाले.

वसुली कशी झाली ते फारसी ग्रंथांतून स्पष्ट दिसते. वरंगळच्या स्वारीत मराठा स्वार आणि पायदळ काफूरच्या सैन्यास मिळाले. बाजारातील व्यापाऱ्यांनी छावणीत जाऊन योग्य भावाने माल विकावा अशी आज्ञा राजाने दिली. इ. स. १३११ च्या फेब्रुवारीत काफूर देवगिरीस उतरला तेव्हा शहर सजविले होते. सराफांनी नाण्यांच्या राशी मांडल्या होत्या, कापडाची दुकाने भरली होती, सैन्याला लागणारी प्रत्येक वस्तू मिळत होती. अमीर खुसरोने हे वर्णन मोठ्या रसिकतेने केले आहे. पुढे होयसळांच्या सीमेवर परसदेव दळवी नावाचा राजाचा सरदार होता, त्याने काफूरच्या सैन्यास वाट दाखविली. त्याच महिन्यात तिसरा बल्लाळ शरण आला. झियाउद्दीन बरनी मात्र म्हणतो की काफूर पोहोचला तेव्हा रामदेव मरण पावला होता. खुसरोने त्याच सुमारास लिहिले आणि बरनीने चाळीसेक वर्षांनंतर, म्हणून खुसरोचे म्हणणे स्वीकारणे युक्त होय. राजा १३११ च्या सुमारास निवर्तला.

येथे वाचकांच्या मनात जो प्रश्न येईल तो टाळता येणार नाही. शेजारच्या राज्यांवर परचक्र येत असता त्यास धान्य, वाट आणि माणसे पुरविणारा राजा कसा म्हणावा? काही व्याख्याते त्यास एका शब्दात दोषी ठरवून मोकळे होतात. मला ते उतावीळपणाचे वाटते. होयसळ आणि काकतीय हे यादवांचे शेजारी होते, मित्र नव्हते. तीन पिढ्या या तीन घराण्यांनी एकमेकांचा मुलूख लुटला होता. टिक्कमाने द्वारसमुद्रापर्यंत जी मजल मारली होती, तिच्या पाऊलखुणांवरूनच पस्तीस वर्षांनी परसदेवाने काफूरला नेले, असे म्हटले तरी चालेल. दक्षिण एक आहे आणि तिच्यावर संकट आहे, ही कल्पनाच त्या राजसभांत नव्हती. परंतु एवढ्याने राजाची पूर्ण सुटका होते असेही नाही. नकार दिला असता तर काय होते हे त्याने दोनदा पाहिले होते. त्याने आपल्या प्रजेवरील तिसरी स्वारी टाळली, हे जितके खरे, तितकेच ती स्वारी दुसऱ्याच्या प्रजेवर गेली हेही खरे. दोन्ही वाक्ये एकत्र धरूनच त्याचे मूल्यमापन करावे लागते.

आता ताम्रपटाकडे परत येऊ. मांडलिक राजाच्या शासनात सम्राटाचे नाव का नाही? अपराजिताने बुडालेल्या सम्राटाचे नाव लिहिले, रामचंद्राने जिवंत सम्राटाचे गाळले. पहिले कारण लेखनाच्या रीतीत आहे. राजघराण्याच्या प्रशस्तीचे श्लोक प्रत्येक वेळी नव्याने रचले जात नसत. एकदा रचलेली वंशप्रशस्ती राजलेखकाच्या दप्तरात असे आणि दानाच्या प्रसंगी तीत गावांची, मितीची व प्रतिग्राहकांची भर घालून पत्रे कोरले जात. वाराणसीचा विजय घडला असलाच, तर तो इ. स. १२८७ मध्ये बलबन मरण पावल्यानंतरच्या गोंधळात घडला असावा, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. इतर अभ्यासक तो केवळ कविप्रौढी मानतात. कसेही असले तरी ते श्लोक इ. स. १२९६ च्या आधीच्या दिवसांचे आहेत, हे त्यांच्या आशयावरूनच उघड होते. जुनी वस्त्रे नव्या समारंभात घातली, इतकाच हा प्रकार.

दुसरे कारण असे. राष्ट्रकूट आणि शिलाहार यांची भाषा, देवता आणि शासनपद्धती एक होती, त्यामुळे सम्राटाची वंशावळ सामंताच्या शासनात सहज बसे. दिल्लीच्या सुलतानास या चौकटीत बसविण्याची रीत दक्षिणेत अद्याप पडलेली नव्हती. संस्कृत भाषेला ते अशक्य होते असे मात्र नव्हे. दिल्लीजवळ पालम येथील विहिरीवरील विक्रम संवत् १३३३ च्या, म्हणजे इ. स. १२७६ च्या संस्कृत शिलालेखात सुलतानांची क्रमवार नावे आहेत आणि बलबनाची स्तुती आहे. दक्षिणेतही हा दिवस लवकरच आला. शके १२४८ मध्ये, म्हणजे पुरुषोत्तमपुरीच्या ताम्रपटानंतर अवघ्या सोळा वर्षांनी, कल्याण येथील संस्कृत लेखात महंमद तुघलक 'महाराजाधिराज सुरताण' म्हणून येतो. परंतु तेव्हा देवगिरीस यादव उरले नव्हते. तिसरे कारण सुलतानाच्या बाजूचे आहे. त्याला खंडणी आणि सैन्य हवे होते. गोदातीरावरील अग्रहाराच्या पत्र्यावर कोणाचे नाव आहे याची चौकशी दिल्लीने कधीच केली नसावी.

तरीही या तिन्ही कारणांनी एक गोष्ट उरतेच. ताम्रपट हा चंद्रसूर्य असेतोपर्यंत टिकावा म्हणून लिहिला जातो. राजाला काय राहावे असे वाटत होते, ते त्यावरून कळते. येथे स्मृतिस्थळातील नरेंद्रकवीच्या प्रसंगाची आठवण होते. नरेंद्राने 'रुक्मिणीस्वयंवर' सभेत ऐकविले. राजा संतुष्ट झाला आणि ओवीगणिक सोन्याची आसू देतो, या काव्यावर माझे नाव घाल, असे म्हणाला. कवीने ते नाकारले आणि पुढे तो श्रीनागदेवाचार्यांस शरण आला. या स्मृतीचे निरूपण करताना आपण कवीच्या निःस्पृहतेवर बोलतो आणि ते योग्यच आहे. परंतु राजाच्या मागणीकडेही पाहावे. हा प्रसंग अल्लाउद्दीनाच्या स्वारीपूर्वीचा, राज्य भरभराटीत असतानाचा मानला जातो. ज्याच्याजवळ राज्य, कोश, बिरुदे सर्व होते, त्यासही दुसऱ्याच्या काव्यावर आपले नाव हवे होते. मग ज्या वर्षी राज्य दुसऱ्याच्या कृपेवर उरले, त्या वर्षी जुने विजय तांब्यावर कोरून ठेवावेसे वाटले, तर त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. कवीपाशी आसू चालली नाही. राजलेखकापाशी ती अडचण नव्हती.

याच वर्षांत आपल्या पंथाकडे काय चालले होते? श्रीनागदेवाचार्यांनी शके १२२४ मध्ये देह ठेविला होता. पंथीय परंपरा 'खालशाच्या धाडी'ची वार्ता सांगते. परचक्राच्या भयाने मार्ग विखुरला, त्या धावपळीत लीळाचरित्राची मूळ पोथी हातची गेली आणि ज्यांना ज्या लीळा मुखोद्गत होत्या, त्यांच्याकडून त्या पुन्हा लिहून घ्याव्या लागल्या. हिराइसेच्या स्मरणातून सिद्ध झालेला पाठ आजही तिच्या नावाने ओळखला जातो. अभ्यासक ही धाड मलिक काफूरच्या स्वाऱ्यांच्या काळाशीच जोडतात. म्हणजे ज्या काळात राजाच्या दप्तरातून वाराणसीच्या विजयाचे श्लोक तांब्यावर उतरत होते, त्याच सुमारास त्याच राज्यातील भिक्षुक आणि तपस्विनी हरवलेल्या पोथीचे एकेक वाक्य आठवीत होत्या. राजशासनावरून देशात निर्वेध शांतता होती असा समज होईल. लीळाचरित्राच्या पाठभेदांनी मात्र त्या काळाची खरी खूण आपल्या अंगावर बाळगली आहे. एखाद्या लीळेचे चार पाठ पाहून ज्या वासनिकांच्या मनात शंका येते, त्यांना हा इतिहास अवश्य सांगावा. पाठभेद हे कोणाच्या अनास्थेचे फळ नाही. ते त्या वर्षांचे व्रण आहेत.

आता व्यवहाराची गोष्ट. मठांतून आणि वासनिकांच्या घरांतून पोथ्यांची यादी करण्याचे काम ज्यांनी हाती घेतले आहे, त्यांच्यासाठी ती सांगतो. एखाद्या ग्रंथात अथवा स्मृतीत 'रामदेवाचे राज्य' असा उल्लेख आला, म्हणून तो ग्रंथ किंवा तो प्रसंग इ. स. १२९६ पूर्वीचाच, असा निर्णय करू नये. रामदेवाचे राज्य शके ११९३ पासून शके १२३३ च्या सुमारापर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे चालले. त्यातील पहिली पंचवीस वर्षे पूर्ण स्वातंत्र्याची. त्यानंतरची सुमारे अकरा वर्षे खंडणी कबूल केलेल्या, परंतु पुढे ती चुकविणाऱ्या राज्याची. अखेरची चार वर्षे इमानी मांडलिकाची. प्रजेच्या दृष्टीने या तिन्ही काळांत राजा एकच होता. ग्रामदाने त्याच्याच नावाने होत आणि शकाबरोबर त्याचेच नाव लिहिले जाई. तेव्हा केवळ राजाच्या नावावर काळ ठरवू नये. परचक्राचा, धाडीचा, मार्ग विखुरल्याचा काही उल्लेख जवळपास आहे काय ते पाहावे, आणि नसल्यास चाळीस वर्षांची मर्यादा मोकळी ठेवावी. त्याचप्रमाणे 'प्रौढप्रतापचक्रवर्ती' हे यादवांचे बिरुद आढळले, तरी त्यावरून राजा त्या वेळी स्वतंत्र होता असे अनुमान काढू नये.

राजाच्या मागे काय झाले ते थोडक्यात. त्याच्या पुत्राने, ज्यास काही ग्रंथ शंकरदेव, काही सिंघण तर इसामी भिल्लम म्हणतो, खंडणी नाकारली. इ. स. १३१३ च्या सुमारास काफूर पुन्हा आला, तो राजा पडला आणि काफूर दोन वर्षे देवगिरीसच राहिला. अल्लाउद्दीनाच्या आजारपणात त्यास दिल्लीस बोलावणे आले, तेव्हा हरपालदेवाने उठाव केला. हा रामदेवरायाचा जावई होता असे सांगतात. इ. स. १३१८ मध्ये सुलतान कुत्बुद्दीन मुबारकशहा स्वतः चालून आला. हरपालदेव पकडला गेला, त्याची कातडी सोलून त्यास ठार करण्यात आले आणि त्याचे शिर देवगिरीच्या वेशीवर टांगण्यात आले. त्यानंतर तेथे मांडलिक ठेवला गेला नाही. दिल्लीचा सुभेदार आला, आणि पुरुषोत्तमपुरीचा अग्रहार ज्या राजाने दिला, त्याच्या नावाने शासन लिहिणारे दप्तर बंद झाले.